कॉयरमध्ये पहिल्यांदाच मोझार्टचं ‘आवे वेरुम कोर्पुस’ गाणार असाल तर

पुण्या-मुंबईतला हौशी कॉयर असो, गोव्यातल्या एखाद्या चर्चचा असो की नोकरीनिमित्त गेलेल्या परदेशी गावातला. नव्या माणसाच्या हातात पहिल्या काही आठवड्यांत जी लॅटिन रचना पडते ती पुष्कळदा हीच असते. फक्त ४६ बार (ठरावीक ठोक्यांचे छोटे भाग, आपल्या आवर्तनासारखे), सुमारे तीन मिनिटं, चार आवाज आणि सुटसुटीत स्वर. पान पाहून वाटतं की दोन तालमींत बसेल. स्वर बसतातही. मग तिसऱ्या तालमीला कळतं की सगळे मिळून अर्धा स्वर खाली उतरले आहेत, लय रेंगाळते आहे आणि ‘कोर्पुस’चा ‘स’ दहा जणांनी दहा वेळा म्हटला आहे.

या रचनेत लपायला जागा नाही, तिची खरी अडचण ती. मोठा ऑर्केस्ट्रा नाही, जलद ताना नाहीत, सोलो नाही. मंद, सलग, हळुवार आवाजात सर्वांनी एकत्र चालायचं. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्याला यातलं काही फार सोपं जातं आणि काही अनपेक्षित अवघड, म्हणून हा लेख मुख्यतः तशा मराठी गायकासाठी आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नसलं तरी चालेल. शेवटी ते शिकावं लागेलच, पण सुरुवात पेटीवर करता येते.

आधी थोडी ओळख

मोझार्टने हस्तलिखितावर तारीख घातली आहे: बाडेन, १७ जून १७९१. बाडेन हे व्हिएन्नाजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. त्याची पत्नी कॉन्स्टान्झं तेव्हा गरोदर होती आणि प्रकृतीसाठी तिथे राहायला गेली होती. त्यांच्या राहण्याची सोय पाहणारा आंटोन श्टोल हा गावातला शिक्षक आणि पॅरिश चर्चचा कॉयरमास्टर. त्याच्यासाठी ही रचना झाली. कॉर्पुस क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण, तोंडावर आला होता. त्या वर्षी तो २३ जूनला होता. पुढे ५ डिसेंबरला मोझार्ट गेला.

हा तपशील गाण्याच्या कामाचा आहे. गावातल्या चर्चच्या कॉयरला थोड्या दिवसांत बसवता यावं अशी ही रचना आहे: सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे तसेच दोन) हे चार आवाज, साथीला दोन व्हायोलिन, व्हिओला, बासची तंतुवाद्यं आणि ऑर्गन. सुरुवातीला एकच सूचना आहे, ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात. मोझार्टची स्वतःची आवाजाच्या लहानमोठेपणाची सूचना तेवढीच. छापील प्रतीत जागोजागी ‘हळू’, ‘वाढवा’, ‘कमी करा’ अशा खुणा दिसल्या तर त्या नंतरच्या संपादकांच्या आहेत. त्या पाळायच्या की नाही हे कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी कॉयर चालवणारा, ठरवतो, पण त्या कुणाच्या आहेत हे तुम्हाला माहीत असावं.

काय काय लागेल

– चार आवाजांची पूर्ण प्रत, फक्त तुमच्या ओळीची नव्हे
– मऊ शिशाची पेन्सिल आणि खोडरबर. पेनाने प्रतीवर काहीही लिहू नका
– पेटी, कीबोर्ड किंवा मोबाइलवरचं कीबोर्ड अ‍ॅप
– ट्यूनिंग फोर्क किंवा ट्यूनर अ‍ॅप, ४४० हर्ट्झवर लावलेलं
– मेट्रोनोम
– स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करायला फोन
– पानं न वाजणारी काळी फाइल. कार्यक्रमात प्लॅस्टिकचे पाउच वापरू नका, दिव्याखाली चमकतात आणि शांत जागी चुरचुरतात

तानपुरा मात्र या तयारीत ठेवू नका. कारण पुढे पाचव्या पायरीत येईल.

१. बरोबर प्रत मिळवा

‘आवे वेरुम कोर्पुस’ हे एका मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राचं नाव आहे आणि त्याला अनेकांनी चाली दिल्या आहेत. इंग्रज संगीतकार विल्यम बर्डची १६०५ मध्ये छापलेली रचना तितकीच गायली जाते. एल्गार आणि सँ-सान्स यांच्याही आहेत. नुसतं नाव टाकून शोधलंत तर भलतीच प्रत घरी येईल आणि आठवडाभर भलतीच ओळ पाठ होईल. शोधताना मोझार्टचं नाव आणि ‘के. ६१८’ हा क्रमांक दोन्ही टाका. क्योखेल नावाच्या अभ्यासकाने केलेल्या यादीतला तो क्रमांक आहे.

प्रत हातात आल्यावर चार गोष्टी तपासा. पट्टी डी मेजर आहे का, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन शार्प (स्वर अर्ध्याने वर नेणाऱ्या खुणा). गाणाऱ्यांच्या ओळी चार आहेत का. एकूण बार ४६ आहेत का. आणि गाणं दोन बारच्या वाद्यसंगीतानंतर, तिसऱ्या बारला सुरू होतं का. मुलांच्या कॉयरसाठी केलेल्या दोन-तीन आवाजांच्या आणि खालच्या किंवा वरच्या पट्टीतल्या आवृत्त्या याच नावाने फिरतात. त्या वाईट नाहीत, पण बाकीचे मूळ पट्टीत गात असतील तर तुमच्या कामाच्या नाहीत.

सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या दोन मोफत संग्रहांत ही रचना मिळते. साल्झबुर्गच्या मोझार्टेउम संस्थेने मोझार्टच्या समग्र संगीताची संपादित आवृत्ती वाचनासाठी खुली केली आहे. शंका आल्यास तिथला स्वर प्रमाण माना. रचना स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झालेली आहे, पण एखाद्या प्रकाशकाची अलीकडे संपादित केलेली प्रत तशी असेलच असं नाही. तिच्या पन्नास झेरॉक्स काढण्याआधी कॉयरच्या व्यवस्थापकाला विचारा.

सर्वात महत्त्वाचं: कॉयर जी आवृत्ती वापरतो तीच घ्या. ‘बार २२ पासून’ असं कंडक्टरने म्हटल्यावर पान शोधत बसलात की ती तालीम गेली.

२. तुमची ओळ कोणती ते ठरवून घ्या

साधारण अंदाज असा धरा. पेटीच्या मधल्या सप्तकाचा पांढरी एक, म्हणजे कीबोर्डचा मधला सी, हा आधार. सोप्रानो तिथून दीड सप्तक वर आरामात जाते. आल्टो त्याच्या चार स्वर खालून सुरू होते. टेनर मधल्या सीच्या एक सप्तक खालून वरच्या बाजूला, आणि बास त्याहून पाच-सहा स्वर खालून. कॉयरमध्ये पहिल्या दिवशी पियानोवर दोन मिनिटांत ही परीक्षा होते.

इथे मराठी गायिकांची हमखास गफलत होते. वर्षानुवर्षं काळी चार किंवा पाचमध्ये खर्जाकडे वजन ठेवून गायल्यामुळे ‘माझा आवाज जाड, मी आल्टो’ असं त्या स्वतःच ठरवून टाकतात. मधल्या सीच्या वरच्या सप्तकात हलक्या, डोक्याकडे उघडणाऱ्या आवाजात गाण्याची सवय नसते एवढंच. तो आवाज निराळा लावावा लागतो. परीक्षेत वरचे स्वर नाकारू नका, लावून पाहा. या रचनेत सोप्रानोला फार उंच जावं लागत नाही, त्यामुळे तो आवाज शोधायला ही जागा चांगली आहे.

टेनरसाठी एक सूचना. तुमची ओळ सोप्रानोसारख्याच चिन्हाने लिहिलेली असेल आणि त्या चिन्हाखाली बारीक ८ असेल. लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली गायचं, एवढाच त्याचा अर्थ.

३. आधी शब्द, मग स्वर

लॅटिन शब्द देवनागरीत लिहून घ्यायला अजिबात संकोचू नका. आपली लिपी या कामाला रोमनपेक्षा चांगली आहे, कारण जसं लिहू तसं म्हणू. इटालियन पद्धतीचा, म्हणजे चर्चमध्ये सर्वाधिक रूढ असलेला उच्चार असा:

आवे, आवे वेरुम कोर्पुस नातुम दे मारीआ वीर्जिने
– वंदन तुला, कुमारी मारियेपासून जन्मलेल्या खऱ्या देहा

वेरे पास्सुम, इम्मोलातुम इन क्रूचे प्रो ओमिने
– खरोखर यातना सोसलेल्या, माणसासाठी क्रुसावर अर्पण झालेल्या

कूयुस लातुस पेर्फोरातुम उन्दा फ्लुक्सित एत सांग्विने
– ज्याच्या भेदलेल्या कुशीतून पाणी आणि रक्त वाहिलं

एस्तो नोबिस प्रेगुस्तातुम इन मोर्तिस एग्झामिने
– मरणाच्या कसोटीच्या वेळी तू आम्हाला आधीच चाखायला मिळावास

शेवटच्या ओळीतला ‘प्रेगुस्तातुम’ हा शब्द अर्थाने सगळ्यात भारी आहे: आधी घेतलेली चव. वेदीवरची पवित्र भाकर मृत्यूपूर्वीच स्वर्गीय भोजनाची चव देते, ही कल्पना त्यात आहे. श्रद्धा असो वा नसो, अर्थ माहीत असल्याशिवाय हे गाऊ नका. ‘मोर्तिस’वर आवाज का बदलतो ते अर्थ कळल्यावरच उमगतं.

मराठी बोलणाऱ्याला इथे बरंच काही फुकट मिळतं. लॅटिनचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखाच दाताला जीभ लावून येतो. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने ‘नाटुम’, ‘इम्मोलाटुम’ म्हणू नका. ‘पास्सुम’मधला जोड स, ‘इम्मोलातुम’मधला जोड म आपल्या जिभेला सहज येतात. ए आणि ओ आपण सरळ, न वळवता म्हणतो, आणि इथे नेमकं तेच हवं असतं. इंग्रजीभाषक गायकांना ‘आवे’चं ‘आवेय्’ होऊ न देण्यासाठी महिनोन्महिने झगडावं लागतं.

आता चुका. पहिली म्हणजे ‘कॉर्पस’, ‘व्हेरम’ असे उच्चार. शेवटचा स्वर स्वच्छ उ आहे, अ नव्हे; ओठ गोल. दुसरी, दोन प्रकारचे च आणि ज. ‘क्रूचे’मध्ये ‘चार’मधला च, ‘चूल’मधला नव्हे. ‘वीर्जिने’मध्ये ‘जीव’मधला ज, ‘जाड’मधला नव्हे. तिसरी, व आणि फ. आपला व ओठांनी नुसता स्पर्शून जातो; इथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून आवाज घुमवा. ‘फ्लुक्सित’चा फ तसाच दात-ओठांचा, ‘फूल’मधला महाप्राण नव्हे. चौथी, ‘ओमिने’. लिहिताना सुरुवातीला एच दिसतो, पण इटालियन उच्चारात तो मुका आहे.

जर्मन किंवा ऑस्ट्रियन कॉयरमध्ये असाल तर ‘क्रूत्से’, ‘विर्गिने’, ‘होमिने’ असं ऐकायला मिळेल. ते चूक नाही, तिथली ती परंपराच आहे. योगायोगाने त्या ‘क्रूत्से’ला आपला ‘चूल’मधला च चालतो. पहिल्याच तालमीत विचारून घ्या: इटालियन की जर्मन? मग सगळ्यांनी एकच पाळायचं.

शब्द तोंडात बसेपर्यंत स्वर लावू नका. रोज दहा वेळा बोलून, आठवडाभर.

४. लय: सम शोधू नका

सुरुवातीला मंद लयीची सूचना आहे, ‘आदाजो’, आणि तालचिन्ह म्हणून मधून उभी रेघ गेलेला सी. त्याचा अर्थ एका बारमध्ये दोन मोठे ठोके. नवशिक्या कॉयरमध्ये सोयीसाठी चार लहान ठोके मोजले जातात. कंडक्टरचा हात दोन दाखवतो आहे की चार, ते आधी पाहा. नाहीतर तुम्ही दुप्पट वेगात किंवा अर्ध्या वेगात सुरू व्हाल.

वेग मोजून पाहा. चार ठोक्यांचे ४६ बार म्हणजे १८४ ठोके. मेट्रोनोम ६० वर ठेवला तर रचना तीन मिनिटांच्या किंचित वर जाते. ६६ वर पावणेतीन मिनिटं. ४६ वर पूर्ण चार मिनिटं. माझं मत विचाराल तर ६० च्या खाली जाऊ नये. दोन ठोक्यांच्या तालात लिहिलेली रचना फार संथ घेतली की तिच्या ओळी तुटतात आणि हौशी गायकांचा श्वास पुरत नाही. पण निर्णय कंडक्टरचा. घरी सराव मात्र ५२, ६० आणि ६६ अशा तिन्ही वेगांत करा, म्हणजे कोणताही आला तरी घाबरायला होणार नाही.

तबल्याच्या सवयीने आपण बारच्या पहिल्या मात्रेवर नकळत जोर देतो. इथे तो देऊ नका. जोर शब्दाच्या आघातावर पडतो: आ-वे, वे-रुम, कोर्-पुस, ना-तुम, प्रत्येकात पहिल्या अक्षरावर हलका भार, दुसरं अक्षर सोडून द्यायचं. ‘कोर्पुस’चं ‘पुस’ जोरात आलं की सगळी ओळ पायऱ्या उतरल्यासारखी दणदणते.

आणखी एक बारीक गोष्ट. ठोक्यावर स्वर यायला हवा, व्यंजन नव्हे. ‘क्रूचे’चं ‘क्र’ ठोक्याच्या किंचित आधी उरकायचं, म्हणजे ‘ऊ’ बरोबर ठोक्यावर पडेल. सगळ्या कॉयरने ‘क्र’ ठोक्यावर म्हटलं की लय मागे पडते, आणि हळू गाताना ती दर शब्दाला थोडी थोडी मागे जात राहते.

५. तुमची ओळ पेटीवर बसवा

डी मेजर म्हणजे पांढरी दोनचा सा, सगळे स्वर शुद्ध: पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक. आधी पेटी ट्यूनरवर तपासा. पुष्कळ पेट्या ४४० च्या मानाने थोड्या वर-खाली असतात. तशी असेल तर स्वरांतर शिकायला वापरा, पट्टी पाठ करायला नको.

गोव्यात, आणि पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच पद्धतीत शिकलेल्यांच्या तोंडी, हीच पट्टी ‘रे मेजर’ असते. त्यांचा ‘रे’ म्हणजे पांढरी दोन, आपला इथला सा. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी अशा नावांनी स्वर म्हणणं, शिकवलं गेलं, त्यामुळे तिथले ज्येष्ठ गायक ‘ला’ द्या म्हणाले की पांढरी सहा द्यायची, आपला ध नाही. हा घोळ पहिल्या दिवशी निस्तरून टाका.

सोप्रानोची सुरुवात सरगममध्ये अशी येते:

बार ३: प – सां ग
बार ४: प म॑ म
बार ५: म ध प म
बार ६: म ग ग

पहिला स्वर प म्हणजे पांढरी सहा, ट्यूनिंग फोर्कचा ४४०. फोर्क कानाला लावला की सोप्रानोचा पहिला स्वर हातात आला. साथ नसताना सराव करायला याहून सोपी सोय नाही.

चौथा बार नीट पाहा. पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली. पहिल्याच शब्दावर मोझार्टने हा नाजूक उतार ठेवला आहे, आणि रचनेची सगळी आर्तता तिथे सुरू होते. दोन मध्यम लागोपाठ घेणं ललत किंवा केदार गाणाऱ्याला नवं नाही. पण इथे दोघांच्या मध्ये मींड नको. तीव्र मध्यम स्पष्ट उभा राहायला हवा, कारण खालचे तीन आवाज त्याच क्षणी त्याच्यावर आपला स्वरसमूह उभारतात. तो ओघळला तर तिघांचं बांधकाम पडतं. तसंच सां वरून खाली ग वर येताना. ती उडी आहे, घसरण नाही. सलग गायचं, पण दोन स्वरांमधली जागा भरायची नाही.

पुढे ‘नातुम दे मारीआ’ रे रे ग ग म म असं पायरीपायरीने चढतं आणि ‘वीर्जिने’ रे वर थांबतं. दुसऱ्यांदा म्हटलेला तोच स्वर पहिल्यापेक्षा किंचित वर आहे असं मनात धरा. प्रत्यक्षात वर नाही, पण असं धरलं नाही तर तो हमखास खाली येतो.

तानपुरा का नको? कारण सा इथे स्थिर नाही. दहाव्या बारला संगीत पंचमाच्या दारात उभं असतं, अठराव्या बारला ते पांढरी सहाच्या पट्टीत पूर्णपणे स्थिरावतं, आणि तिसऱ्या ओळीत एफ मेजरकडे वळतं. पांढरी दोनचा तानपुरा चालू ठेवलात तर तुमचे बरोबर स्वर तुम्हालाच बेसूर वाटतील आणि तुम्ही ते ‘दुरुस्त’ कराल.

गंधाराची गोष्ट त्याहून सूक्ष्म. तानपुऱ्यावर घोटलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. साथीशिवाय गाताना तोच गंधार गोड लागतो, चांगले कॉयर तिकडेच झुकतात. पियानो किंवा ऑर्गनबरोबर मात्र तो उतरलेला ऐकू येतो. तालमीत ‘तुमचा एफ शार्प खाली आहे’ असं सांगितलं गेलं तर वाद घालू नका. कान चुकीचा नाही, साथ वेगळी आहे.

आल्टो आणि टेनर यांच्या ओळी वरवर कंटाळवाण्या दिसतील: तेच तेच स्वर, लहान हालचाली. स्वर उतरण्याचा धोका तिथेच सर्वात जास्त. तुमचा एक अर्धा स्वर बदलला की सगळ्या रचनेचा रंग पालटतो, म्हणून तुमच्या ओळीत जिथे शार्प, फ्लॅट (स्वर अर्ध्याने खाली) किंवा नॅचरलची (मूळ स्वर) वेगळी खूण आहे तिथे पेन्सिलने वर्तुळ करा आणि बाजूचा बार पेटीवर वाजवून पाहा.

६. श्वास वाटून घ्या

ओळीच्या शेवटी, म्हणजे बार १०, १८ आणि २९ च्या अखेरीस, सगळ्यांनी श्वास घेणं ठीक. मधे मात्र कॉयर आळीपाळीने श्वास घेतो: शेजारी घेत असेल तेव्हा तुम्ही नाही. शब्दांच्या मध्ये, बारच्या रेषेवर घेऊ नका. तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो आणि भोक पडतं. लांब स्वराच्या पोटात, आवाज हळूच सोडून, श्वास घेऊन, तितक्याच हळूच परत या. एकट्याने गाताना ही चोरी वाटेल. कॉयरमध्ये हाच शिष्टाचार आहे.

शेजाऱ्याशी बोलून प्रतीवर आपापल्या जागी स्वल्पविरामासारखी खूण करा. ‘प्रो ओमिने’च्या मध्ये आणि ‘इन मोर्तिस’च्या मध्ये दोघांचीही खूण नको.

७. हळू गाणं म्हणजे कमी गाणं नव्हे

‘सोत्तो व्होचे’ वाचून नवे गायक पोटाचा आधार काढून घेतात. मग आवाज घशात बसतो, स्वर उतरतो, लय रेंगाळते; तिन्ही दोष एकाच कारणाने. दबका आवाज लावायला मोठ्या आवाजापेक्षा जास्त आधार लागतो. सरावाचा क्रम असा ठेवा: एक ओळ मध्यम आवाजात, तीच ओळ तोंड मिटून, गुणगुणत, मग गुणगुणताना जो कंप ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी जाणवतो तो तसाच ठेवून शब्द. आवाज लहान होईल पण पोकळ होणार नाही.

स्वर किती उतरला ते मोजायची सोपी रीत: फोर्कने पट्टी घेऊन साथीशिवाय बार ३ ते १८ गा, आणि शेवटी लगेच पांढरी सहा वाजवून पाहा. दर खेपेला खालीच असाल तर बहुतेक दोष चौथ्या बारमध्ये, नाहीतर ‘दे मारीआ’च्या पुनरावृत्त स्वरांत सापडेल. ध्वनिमुद्रण ऐका, गाताना हे कळत नाही.

८. इतरांबरोबर: तीन अवघड जागा

बार १९ ते २१ वाद्यांचे आहेत. तिथे फाइल खाली करू नका, पान उलटायचं असेल तर आत्ता. बार २२ ला ‘कूयुस’ सगळ्यांचं एकदम सुरू होतं. सुरुवातीचा ‘क’ विखुरला तर गारा पडल्यासारखा येतो. एकविसाव्या बारच्या शेवटी कंडक्टरबरोबर श्वास घेणं हाच उपाय.

दुसरी जागा हीच ओळ, तिच्या मध्यावर. भेदलेल्या कुशीचा उल्लेख येतो आणि संगीत डी मेजरच्या उजेडातून बाहेर पडून एफ मेजरकडे जातं. पांढरी दोनचा सा मनात ठेवला तर कोमल ग, कोमल नी असे स्वर समोर येतात. तसं धरून शिकू नका, अंदाज चुकेल. पेटीवर पांढरी चारच्या सा वरून मेजर सप्तक दोन-तीनदा वाजवा, मग ओळ गा. ‘सांग्विने’पर्यंत मोझार्ट परत आणून सोडतो. या वळणावर आवाज वाढवायचा मोह होतो. रंग बदलू द्या, जोर नको.

तिसरी, आणि सर्वाधिक चुकणारी, ‘एस्तो नोबिस’. इथवर चारही आवाज शब्द एकत्र म्हणत आले, आणि इथे पहिल्यांदाच फाटा फुटतो. सोप्रानो आणि आल्टो बार ३० ला आधी शिरतात, टेनर आणि बास एक बार मागून तीच चाल उचलतात. पुरुष गायकांची चूक ठरलेली: बायकांबरोबरच तोंड उघडणं, किंवा घाबरून दोन बार थांबणं. तुमच्या ओळीच्या वर, मोठ्या अक्षरात, आधीच्या बारचे ठोके लिहून ठेवा आणि सोप्रानोचं ‘एस्तो’ ऐकून मोजा. स्त्रियांची चूक वेगळी: मागून येणारा आवाज ऐकला की वाट पाहायला थांबणं. थांबू नका, ते तुम्हाला शेवटी भेटणारच आहेत. ‘मोर्तिस’कडे चारही आवाज पुन्हा एकत्र येतात.

तालमीत एक प्रयोग करून पाहायला सांगा. चार-चार जणांचे गट, प्रत्येकात चारही आवाजांचा एकेक, गोल उभे राहून ही ओळ. आपल्याच ओळीच्या लोकांच्या आड लपता येत नाही तेव्हाच ती पक्की होते.

९. शेवट

‘इन मोर्तिस एग्झामिने’ दोनदा येतं आणि दुसऱ्यांदा लांबवून. शब्द तेच आहेत म्हणून प्रत बाजूला ठेवू नका. स्वर वेगळे आहेत, आणि पहिल्या वेळचा शेवट म्हणून थांबणारे लोक दर कॉयरमध्ये निघतात. लांब ‘मोर्’वर र लवकर गुंडाळू नका. तोंड ‘ओ’वर उघडं, र अगदी शेवटी, ‘तिस’च्या आधी.

अखेरचं ‘ने’ स्वच्छ ए, हलकं, कंडक्टरच्या हाताबरोबर सोडलेलं. ते ‘नी’ होऊ देऊ नका आणि हनुवटीने खाली दाबू नका.

मिसामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, गाणार असाल तर ही रचना सहसा कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी किंवा पवित्र साक्रामेंताच्या आराधनेत येते. टाळ्या नसतात, आणि सुरुवात नेमकी कोणाच्या खुणेने होणार ते ऑर्गनवाल्याशी आधी ठरवून घ्यावं लागतं. कार्यक्रमात असेल तर मंचावर येण्याआधी पहिला स्वर मनात धरून या. दोन बारची वाद्यांची सुरुवात पट्टी देते, पण श्वास घ्यायला उरणारा वेळ थोडा असतो.

तुमचं गाणं संपल्यावर वाद्यं थोडे बार एकटी वाजतात. मोझार्टने त्यांना शेवटचा शब्द दिला आहे. फाइल वरच, डोळे कंडक्टरवर, पाय स्थिर. शेवटचा स्वर विरून त्याचा हात खाली येईपर्यंत कोणीही हलायचं नाही.